ताडपत्रीचे जलरोधन व दुरुस्ती

ताडपत्रीचे जलरोधन व दुरुस्ती म्हणजे ऊन, पाऊस व सततचा वापर यांमुळे जुन्या झालेल्या ताडपत्रीला पाणी अडविण्याची क्षमता पुन्हा मिळवून देण्याची, तसेच तिची भोके, खोंबारे, उसवलेल्या शिवणी व निखळलेली कडी नीट करण्याची प्रक्रिया होय. मालमोटारीवरील आच्छादन, दिंडीचा तंबू, दुकानापुढील छपरी, धान्याच्या राशीवरील पांघरूण आणि मोटारगृहाच्या बाजूला ताणले जाणारे कापडी छत यांचे उपयोग वेगवेगळे असले, तरी त्यांच्या गळतीची कारणे व त्यांवरील उपाय बहुतांशी समान आहेत. दुरुस्तीचे यश मुख्यतः कापडाचा प्रकार अचूक ओळखण्यावर अवलंबून असते. सुती कापडाला तारणारा उपाय प्लास्टिकच्या कापडावर निरुपयोगी ठरतो, तर काही वेळा अपायकारकही ठरतो.

## नाव

इंग्रजीतील ‘टारपॉलिन’ या शब्दाच्या पहिल्या भागाचा अर्थ डांबर असा आहे. जहाजावरील सामान झाकण्यासाठी डांबर फासलेले जाड कापड वापरले जाई, त्यावरून हा शब्द रूढ झाला. हिंदीतील ‘तिरपाल’ हे त्याचेच रूप होय. मराठीत रूढ असलेला ‘ताडपत्री’ हा शब्द उच्चाराने ‘ताडपत्र’ या शब्दाच्या जवळ जातो. परंतु ताडपत्र म्हणजे पूर्वी लेखनासाठी वापरले जाणारे ताडाचे पान, आणि त्याचा या कापडाशी वस्तू म्हणून संबंध नाही.

## सोलापूर परिसरातील उपयोग

सोलापूर हे कापड विणणारे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल पुढे ‘जुनी मिल’ या नावाने ओळखली गेली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. परंतु चादर आणि ताडपत्री यांचे गुण परस्परविरुद्ध आहेत. चादर मऊ राहावी व तिने घाम शोषावा अशी अपेक्षा असते; ताडपत्रीने मात्र पाणी बाहेरच ठेवावे लागते.

आषाढी वारीच्या काळात या कापडाचे महत्त्व विशेष जाणवते. संत ज्ञानेश्वरांची पालखी धर्मपुरी येथे, तर संत तुकारामांची पालखी सराटीनंतर नीरा नदी ओलांडून अकलूजच्या बाजूने सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशा मुक्कामांवर वारकरी मोठ्या संख्येने तंबू व राहुट्यांत राहतात. अनेक दिंड्यांसोबत मालमोटारी असतात. त्यांवरील ताडपत्रीखाली शिधा, भांडी व अंथरुणे राहतात. मुक्कामी मोटारीच्या बाजूने ताडपत्री ताणून आडोसाही केला जातो. पाश्चात्त्य देशांतील मोटारगृहांना जोडलेले गुंडाळते छत हे याच व्यवस्थेचे यांत्रिक रूप म्हणता येईल. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारल्यानंतर अशा वाहनांचा राज्यातही परिचय होऊ लागला आहे.

शेतीमध्ये रब्बी ज्वारीची कणसे, कडब्याची गंजी, काढलेला कांदा आणि वाळत घातलेला बेदाणा यांना अवकाळी पावसापासून वाचविण्यासाठी ताडपत्री लागते. सोलापूरच्या बाजार समितीत हिवाळ्यात कांद्याची मोठी आवक होते. उघड्यावर असलेला कांदा भिजल्यास लवकर सडतो. ऊसतोडणी कामगार हंगामात ज्या कोप्यांमध्ये राहतात, त्यांच्या पाचटावरही बहुधा प्लास्टिकचे कापडच घातलेले असते. अशा ठिकाणी ताडपत्रीतील एका भोकाची किंमत वर्षभराच्या पिकाने किंवा तान्ह्या मुलाच्या अंथरुणाने मोजावी लागते.

## हवामानाचा परिणाम

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. येथील सरासरी वार्षिक पाऊस सुमारे ५५० मिलिमीटर असून त्याचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या काळात पडतो. एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्यामुळे येथे ताडपत्री पावसापेक्षा उन्हाने अधिक झिजते. उन्हाळ्यात ती आतून कमकुवत होत असते, पण कोरड्या दिवसांत ते लक्षात येत नाही. पहिल्या जोरदार सरीत दोष एकदम उघड होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस काही वर्षी फार मोठा असतो. ऑक्टोबर २०२० च्या मध्यात पंढरपूरसह जिल्ह्याच्या मोठ्या भागात अतिवृष्टी झाली होती. म्हणून पाहणी व दुरुस्ती मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे उन्हाळ्याची झीज होऊन गेल्यावर व पाऊस सुरू होण्यापूर्वी, करणे सोयीचे ठरते.

## पाणी अडविण्याचे तत्त्व

कापड तीन प्रकारे पाणी अडवते. पहिला प्रकार घट्ट विणीचा. सुती कॅनव्हास भिजल्यावर त्याचे धागे फुगतात व उभ्या-आडव्या धाग्यांमधील छिद्रे आकसतात. नवा सुती तंबू पहिल्या पावसात थोडा झिरपतो आणि नंतर थांबतो, याचे कारण हेच होय. दुसरा प्रकार जलविरोधी लेपाचा. मेण, धातूचा साबण किंवा सिलिकोन यांचा थर धाग्यावर बसला की पाणी पसरत नाही. त्याचे थेंब बनून ओघळतात. तिसरा प्रकार अखंड पडद्याचा. पॉलिथिन किंवा पीव्हीसीचा सलग थर छिद्रे पूर्णपणे बुजवतो.

पहिल्या दोन प्रकारांत हवा व वाफ काही प्रमाणात आरपार जाते. तिसऱ्यात जात नाही. घोंगडी पहिल्या दोन गुणांच्या जवळ येते. लोकरीतील नैसर्गिक स्निग्धांश पाणी दूर लोटतो आणि चिंचोक्याच्या खळीमुळे वीण ताठ राहते. माणदेश व सांगोला भागातील मेंढपाळ घोंगडीची खोळ करून पावसात वावरतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

## प्रकार व ओळख

सुती कॅनव्हास जड असतो. बोटांनी चोळल्यास धागा जाणवतो. काठाचा सुटा धागा जाळल्यास कागदासारखा वास येतो व मऊ राख उरते. त्यावर मेण किंवा ताम्रयुक्त कुजरोधक द्रव्याची प्रक्रिया केलेली असते. हिरवट रंग पुष्कळदा अशा प्रक्रियेचा सूचक असतो.

विणलेल्या पॉलिथिनच्या ताडपत्रीत उच्च घनतेच्या पॉलिथिनच्या चपट्या पट्ट्या विणून दोन्ही बाजूंनी कमी घनतेच्या पॉलिथिनचा थर दिलेला असतो. ती हलकी, सळसळणारी व स्वस्त असते. धागा जाळल्यास मेणबत्तीसारखा वास येतो आणि तो वितळून थेंब पडतात.

पीव्हीसीचा लेप दिलेले पॉलिस्टर कापड जाड, लवचीक व वजनदार असते. ते मंडप, मालमोटारी व दुकानांच्या छपऱ्या यांसाठी वापरले जाते. मोटारगृहांच्या छतांसाठी हे कापड किंवा रंगीत ॲक्रिलिक धाग्यांचे विणलेले कापड वापरतात. पीव्हीसी जाळून ओळखण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो.

भारतीय मानक ब्युरोने प्रक्रिया केलेल्या कॅनव्हासच्या ताडपत्रीसाठी आयएस २०८९ आणि उच्च घनतेच्या विणलेल्या पॉलिथिनच्या ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ ही मानके ठरविलेली आहेत. बाजारात जाडी दर्शविण्यासाठी ‘जीएसएम’, म्हणजे प्रति चौरस मीटर ग्रॅममधील वजन, हे माप वापरतात. केवळ वजन अधिक असणे हे टिकाऊपणाचे प्रमाण नव्हे. उन्हापासून संरक्षण देणारे द्रव्य मिसळलेले आहे की नाही, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

## जुनेपणाची कारणे

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे पॉलिथिनच्या लांब रेणुसाखळ्या तोडतात. कापड ठिसूळ होते, त्यावर भुकटी दिसू लागते व घडीवर चिरा पडतात. काळ्या रंगासाठी वापरली जाणारी कार्बनची काजळी ही किरणे शोषून घेते. त्यामुळे काजळी मिसळलेली प्लास्टिकची ताडपत्री तुलनेने अधिक टिकते. पीव्हीसीतील मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू बाहेर पडते आणि कापड कडक होते.

सुती कापडाचा मुख्य शत्रू बुरशी होय. ओली ताडपत्री घडी करून ठेवल्यास बुरशी कापसातील सेल्युलोज खाऊ लागते. काळे ठिपके व कुबट वास ही तिची पहिली लक्षणे आहेत. ऊनही सुती धाग्याला दुर्बल करते, पण बुरशीचे काम अधिक वेगाने चालते.

यांत्रिक झीज ठरावीक जागी होते. मोटारीच्या फाळक्याचा कोपरा, दोरीखालची कड, वारंवार पडणारी घडी, शिवणीतील सुईची छिद्रे आणि कड्यांभोवतीचा भाग प्रथम निकामी होतो. मधले कापड शाबूत असूनही ताडपत्री गळते, ती बहुधा याच ठिकाणी.

## पाहणी

पाहणीसाठी ताडपत्री भर दुपारी उंच ताणून तिच्याखाली उभे राहावे. सूक्ष्म भोके प्रकाशाच्या ठिपक्यांसारखी दिसतात. त्यांभोवती खडूने खूण करावी. उजेड दिसत नसतानाही गळती असेल, तर पाण्याची झोळी करून चाचणी घेतात. ताडपत्रीचे चार काठ उचलून बांधावेत, मधल्या खळग्यात बादलीभर पाणी ओतावे व खालच्या बाजूला कोरडा कागद लावून तासभर पाहावे. शिवणीवर दोन्ही बाजूंनी पाणी टाकून स्वतंत्र पाहणी करावी.

प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली दिसणारे प्रत्येक थेंब गळतीचे नसतात. माणसांचा श्वास, ओली जमीन, ताजा कांदा किंवा अर्धवट वाळलेला कडबा यांतून निघालेली वाफ थंड कापडावर जमून थेंब पडतात. पाऊस नसतानाही पहाटे आतून ओल दिसत असेल, तर तो दोष कापडाचा नसून हवा खेळण्याच्या मार्गाचा आहे. अशा वेळी लेप वाढविल्याने प्रश्न सुटत नाही. दोन्ही टोकांना हवेसाठी जागा ठेवावी लागते.

## स्वच्छता

कोणताही लेप धूळ व तेलकटपणावर बसत नाही. प्रथम कोरडी धूळ झाडावी, नंतर साधे पाणी व मऊ कुंचा वापरावा. डाग असल्यास सौम्य साबण चालतो. मात्र तो पूर्ण धुऊन काढणे आवश्यक आहे, कारण शिल्लक राहिलेला धुलाईचा अंश पाण्याला कापडात शिरण्यास मदत करतो. बुरशीच्या जागी पाणी मिसळलेला शिरका लावून काही वेळाने धुवावे. कडक ब्रश, उकळते पाणी, पेट्रोल व थिनर टाळावेत. यानंतर कापड दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवावे.

## जलरोधन

### सुती कापड

तुरटी व साबणाची पद्धत जुनी असून घरगुती साहित्याने करता येते. कापड प्रथम साबणाच्या द्रावणात भिजवून पिळले जाते व नंतर तुरटीच्या द्रावणात बुडवले जाते. साबणातील स्निग्धाम्ले व तुरटीतील ॲल्युमिनियम यांचा संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा ॲल्युमिनियमचा साबण धाग्यांवर बसतो. येथे तेलापासून बनवलेला खरा साबणच लागतो. डिटर्जंट पावडरपासून असा थर मिळत नाही. शेवटी कापड पाण्याने खळबळून घेणे आवश्यक असते. तुरटीचे द्रावण आम्लधर्मी असल्याने तिचा अंश राहिल्यास सुती धागा हळूहळू दुर्बल होतो.

मेणाच्या पद्धतीत पॅराफिन किंवा मधमाश्यांचे मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून ब्रशने लावतात. शिवणींवर मेणाची वडी घासली तरी चालते. विद्राव उडून गेला की मेण मागे राहते. मेणाने कापड जड होते आणि उन्हात मऊ पडते, म्हणून सोलापूरसारख्या ठिकाणी त्याचा थर पातळच ठेवावा. जवसाच्या तेलाचा थर हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतो. परंतु तेलाने भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवल्यास त्या स्वतःच तापून पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

### पॉलिथिन, पीव्हीसी व ॲक्रिलिक

पॉलिथिनवर मेण, रंग किंवा सामान्य डिंक टिकत नाही, कारण त्याच्या पृष्ठभागाला इतर पदार्थ सहज चिकटत नाहीत. त्याचा वरचा थर सर्वत्र उडाला असेल, तर पुन्हा जलरोधन करणे व्यवहार्य नसते. स्थानिक भोके तेवढी बुजवता येतात. पीव्हीसीच्या कापडावर त्याच जातीचा लेप किंवा द्राव्य डिंक वापरतात. ॲक्रिलिक कापडावरील मूळ जलविरोधी द्रव्य धुऊन गेल्यास सिलिकोनयुक्त फवारा देतात. पाण्याचे थेंब बनून ओघळण्याऐवजी पाणी पसरू लागले व कापडाचा रंग गडद झाला, तर फवाऱ्याची वेळ झाली असे समजावे.

## फाटलेल्या भागाची दुरुस्ती

ठिगळ मूळ कापडाच्याच जातीचे व जवळपास तितक्याच जाडीचे असावे. जाड ठिगळ पातळ कापडावर लावल्यास ताण ठिगळाच्या कडेला एकवटतो आणि तेथूनच नवा खोंबारा सुरू होतो. ठिगळ फाट्याच्या चारही बाजूंना किमान ५ सेंटीमीटर पुढे जाईल इतके मोठे घ्यावे व त्याचे कोपरे गोल कापावेत. टोकदार कोपरा आधी उचलतो.

सुती कापडावर ठिगळाचे काठ आत दुमडून दोन समांतर टिपा घालतात. हाताने शिवण्यासाठी दाभण व मेण लावलेला जाड दोरा वापरतात. दोन पट्टे जोडताना त्यांचे काठ एकमेकांत दुमडून चपटी शिवण घालावी आणि तिची दुमड उताराच्या दिशेला ठेवावी, म्हणजे तीत पाणी साचत नाही. शेवटी टिपेवर मेण घासून सुईची छिद्रे बुजवावीत. प्लास्टिकच्या कापडावर सुती दोरा वापरल्यास तो कापडाच्या आधी कुजतो. तेथे पॉलिस्टरचा दोरा योग्य ठरतो.

पॉलिथिनवर ठिगळ उष्णतेने जोडणे हा टिकाऊ उपाय आहे. गरम हवेच्या यंत्राने दोन्ही थर मऊ करून लगेच रुळाने दाबतात. आच जास्त झाल्यास कापड आकसते व भोक पडते. म्हणून टाकाऊ तुकड्यावर आधी चाचणी घ्यावी. तातडीसाठी पॉलिथिनकरिता बनवलेली चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावता येते. कागदी खोक्यांसाठीची खाकी चिकटपट्टी उन्हात काही दिवसांतच सुटते.

कडे निखळले असल्यास त्याच भोकात नवे कडे ठोकणे पुरेसे नसते. भोवतालचे ताणलेले कापड कापून तेथे दुहेरी ठिगळ द्यावे व त्यावर नवे पितळी किंवा ॲल्युमिनियमचे कडे बसवावे. वाटेत कडे नसल्यास गोल गुळगुळीत खडा कापडात गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधण्याची युक्ती उपयोगी पडते. तिच्यामुळे कापडाला भोक पाडावे लागत नाही.

## ताणणे, उतार व साठवण

दुरुस्त केलेली ताडपत्रीही सपाट बांधल्यास टिकत नाही. ६ मीटर लांब व ४.५ मीटर रुंद ताडपत्रीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तिच्यावर सुमारे १,३५० लिटर पाणी पडते. त्याला वाहून जाण्यास वाट नसेल तर खळगा तयार होतो. १ चौरस मीटरच्या खळग्यात १० सेंटीमीटर पाणी साचले, तरी त्याचे वजन १०० किलोग्रॅम भरते. एवढ्या भाराने शिवणी उसवतात व बांबूही मोडतात. म्हणून मधोमध आडवा बांबू देऊन दोन्ही बाजूंना उतार ठेवावा. वाऱ्यासाठी दोरीत किंचित लवचीकता असावी. मोटारीच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दोरीत बांधल्यास धक्का शोषला जातो.

ताडपत्री नेहमी वाळवूनच घडी करावी. भर पावसात मुक्काम हलवावा लागल्यास पुढील उघडिपीत ती पुन्हा पसरावी. दर वेळी एकाच रेषेवर घडी न घालता ती बदलावी किंवा गुंडाळी करावी. साठवण जमिनीपासून वर, फळीवर व सावलीत करावी. धान्य सांडलेल्या जागी ठेवलेली ताडपत्री उंदीर कुरतडतात.

## सुरक्षितता

मेण व तेल लावलेले कापड सहज पेट घेते, तर प्लास्टिकचे कापड वितळून अंगावर थेंब पडतात. त्यामुळे चूल किंवा शेगडी ताडपत्रीच्या आडोशापासून दूर ठेवावी. चहूबाजूंनी बंद केलेल्या तंबूत कोळशाची शेगडी ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायू साचतो. ओली ताडपत्री व लोखंडी खांब विजेच्या तारांपासून दूर असावेत. टर्पेंटाइन, डिंक व फवारे यांचे काम उघड्या हवेत करावे.

## दुरुस्तीची मर्यादा

काठाजवळचे कापड दोन्ही हातांनी धरून ओढल्यावर सहज फाटत असेल, तर त्यावर ठिगळ टिकणार नाही. शिवणीची प्रत्येक टीप तेथे नवे भोक पाडते. कापड मजबूत असून केवळ पाणी झिरपत असेल, तर जलरोधन करणे किफायतशीर असते. दोष काठ व कडी यांपुरता असेल, तर खराब काठ कापून लहान ताडपत्री तयार करता येते.

निकामी ताडपत्रीचे चांगले तुकडे ठिगळांसाठी राखून ठेवतात किंवा अंथरण्यासाठी वापरतात. ठिसूळ झालेले प्लास्टिक शेतात सोडल्यास त्याचे बारीक तुकडे मातीत मिसळतात व जनावरांच्या पोटात जातात; ते जाळल्यास विषारी धूर होतो. असे कापड भुकटी होण्याआधीच गुंडाळून प्लास्टिक भंगाराकडे देणे श्रेयस्कर ठरते.